पाटी दुसऱ्या मजल्यावर थांबत नाही

एस्लिंगेनच्या त्या इमारतीत कुणी आजारी पडलं तर शेजारी सवडीने चौकशी करतील, पण जिन्यावर बुटाचा मातकट ठसा दिसला की सगळी दारं ताडकन उघडतील. बंधुभगिनींनो, जर्मनीतल्या आपल्या श्वाबिया प्रांतात जिना झाडायची पाळी म्हणजे जवळजवळ धर्मच! ज्याची पाळी, त्याच्या दारावर लाकडी पाटी लटकते. आठवडा संपला की त्याने ती वरच्या दारावर नेऊन लावायची. पाटी दुसऱ्याच्या दारावर असताना आपण झाडू उचलला, तर तो उघड अपमान. ‘तुला झाडता येत नाही,’ असं तोंडावर सांगितल्यासारखं.

तळमजल्यावर हेडविगबाई राहत. इमारतीचा कारभार त्यांच्याकडेच. पहिल्या मजल्यावर क्यूब्लर आणि त्याचा केसाळ कुत्रा. दुसऱ्यावर नेझाकेत. ही इस्पितळात परिचारिका, नवरा बस चालवणारा, दोन लहान मुली. वर्षापूर्वी आलेलं हे तुर्की कुटुंब. आणि तिसऱ्यावर फ्रीडलिंडे आणि तिचे सासरे त्राउगॉट, ज्यांचं अर्धं आयुष्य चर्चमध्ये गाण्यात गेलं.

क्यूब्लर पाटी घेऊन निघायचा आणि दुसरा मजला ओलांडून थेट तिसऱ्यावर यायचा.

“अहो, मधला मजला विसरलात की काय?” फ्रीडलिंडेने पहिल्यांदा विचारलं होतं.

“विसरतोय कशाला! हेडविगबाई म्हणाल्या, त्यांना नको पाटी. त्यांना नमाजाची चटई अंथरता येते, झाडू उचलता कुठे येतो?”

तो हसला. फ्रीडलिंडेही हसली आणि पाटी तिने आपल्या खिळ्याला अडकवली.

याहून ओंगळ गोष्ट पुढेच आहे. झाडणारा प्रत्येक जण वरचा-खालचा कचरा गोळा करत दुसऱ्या मजल्यापर्यंत आणायचा आणि नेझाकेतच्या दारासमोर सोडून द्यायचा. “तो तुकडा त्यांचा.” सिगारेटची थोटकं, कुजकी पानं, कुत्र्याच्या केसांचे गुंते! दारात ओळीने काढून ठेवलेल्या मुलींच्या बुटांमध्ये ते केस जाऊन बसायचे. रात्रपाळीहून आलेली नेझाकेत कागदाने ते उचलायची, झाडू मात्र लावायची नाही. पाटी आपल्या दारावर नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शेजाऱ्यांचा रिवाज तिने शेजाऱ्यांपेक्षा जास्त पाळला!

मार्चमध्ये हेडविगबाईंनी सगळ्यांना घरी बोलावलं. टेबलावर कांद्याचा केक, वर डुकराच्या मांसाचे तुकडे. दुसरं काहीच नाही.

“घ्या की,” त्या नेझाकेतला म्हणाल्या. ती नको म्हणाली, तशा त्या क्यूब्लरकडे वळल्या. “बघितलंत? आपल्या घासालासुद्धा शिवत नाहीत.”

मग त्यांनी घरमालकाला द्यायचा तक्रार अर्ज वाचला. वर्षभर या कुटुंबाने जिन्याची एकही पाळी केली नाही, भाडेकराराची अट मोडली, तरी त्यांना घर सोडायला सांगावं. खाली सगळ्यांनी सही करायची.

नेझाकेत उठून उभी राहिली. “मुलींची शाळा इथे आहे, बाई. एवढ्या भाड्यात दुसरं घर आम्हाला कोण देणार?”

“आधी विचार करायचा होता. या देशात राहायचं तर मिसळायला नको?”

“मी पाटी मागितली होती. तुमच्याच दारात उभी राहून.”

“मला नाही आठवत.”

“तुम्ही म्हणालात, राहू दे, तुमच्या लोकांना जमायचं नाही.”

क्यूब्लर केक चावत राहिला. फ्रीडलिंडेच्या हातात पेन आलं. हेडविगबाईंनी बोटाने जागा दाखवली.

तेवढ्यात त्राउगॉट बोलले. गाणाऱ्या माणसाची सवय, त्यांचं साधं वाक्यही सुरात यायचं. “सूनबाई, आपल्या दाराला पाटी कुठून येते गं?”

“बाबा, आत्ता कशाला?”

“मी म्हातारा, विसरतो. क्यूब्लर कुठल्या मजल्यावरून आणतो?”

“पहिल्या.”

“आणि पहिल्यानंतर तिसरा येतो होय? रविवारी गळा ताणून गातो आपण, देवा, परक्याला आमच्या पंक्तीत बसव! आणि शनिवारी आपला उकिरडा त्याच्या उंबऱ्यावर ओततो. खेळायला घ्यायचं नाही आणि वर म्हणायचं, हा खेळत नाही! हे ज्या देवासाठी गातो, तो बहिरा आहे का?”

फ्रीडलिंडेने पेनाचं टोक कागदावरून उचललं. मागल्याच पाळीत तिनेही कुत्र्याचे केस लोटत नेले होते, त्या छोट्या बुटांपर्यंत. वर हात झटकून छान वाटलं होतं! शी! आपण इतक्या घाणेरड्या आहोत? आणि घाणेरडे म्हणून नाव कुणाचं घेत होतो?

तिने पेन खाली ठेवलं.

“मी सही करणार नाही. मालकाने विचारलं तर सांगेन, पाटी यांच्या दारावर कुणी लागूच दिली नाही. मलाही माहीत होतं, आणि मी हसले होते.”

“फ्रीडलिंडे! तू आमच्या बाजूची ना?”

“जिन्याची बाजू कुठली असते हो, हेडविगबाई?”

क्यूब्लरने घास गिळला आणि खाली बघत पुटपुटला, “मीच न्यायचो वर. खरं आहे ते.” मग सही कुणाचीच झाली नाही. सहीशिवाय तो अर्ज म्हणजे नुसता कागद.

त्या शनिवारी क्यूब्लर पाटी घेऊन पहिल्यांदा दुसऱ्या मजल्यावर थांबला. नेझाकेतने जिना असा घासला की दगडाचा मूळ रंग दिसला. हेडविगबाई आल्या, कठड्याखालून बोट फिरवलं आणि कडाडल्या, “हा कोपरा कोण पुसणार? माझे वडील?”

“पुसते, पुसते! पण तुमच्या पाळीत मीही बोट फिरवणार हं, बाई!”

हेडविगबाईंनी बोटावरची धूळ झटकली. मग नाक मुरडत म्हणाल्या, “फिरवा. काही सापडायचं नाही.”

वर फ्रीडलिंडेने सासऱ्यांकडे पाहिलं. वर्षभरात कुणी नेझाकेतवर असं घरच्यासारखं खेकसलं नव्हतं.

बंधुभगिनींनो, ‘आमच्यात मिसळा’ असं दुरून ओरडणं सोपं आहे, पण आधी पाटी त्यांच्या दारावर तर लावा! ज्याला आपलं म्हणायचं, त्याला आपल्या कामात वाटा द्या, चुकला तर सगळ्यांसारखंच रागवा आणि त्याचं रागावणंही ऐकून घ्या. वाटा न देता दोष देणं, यासारखी दुसरी घाण नाही, आणि ती कुठल्याही झाडूने निघत नाही. ती मनातूनच काढावी लागते.