शून्य तक्रारींचं ॲप

प्रभुलिंग हत्तरकी गडहिंग्लजच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचा. जन्मापासून दिसत नव्हतं, पण पडद्यावरचा मजकूर फोन त्याला वाचून दाखवायचा आणि बँकेपासून बातम्यांपर्यंत त्याचं सगळं त्यावर चालायचं. म्हणूनच विजयसिंह इंगवल्यांनी त्याला कोल्हापूरला बोलावलं. त्यांच्या कंपनीनं बसचं तिकीट काढायचं 'सर्वांसाठी' नावाचं ॲप केलं होतं आणि दिव्यांग माणसानं तपासल्याशिवाय त्याला सुगमतेचं प्रमाणपत्र मिळणार नव्हतं.

"पावणं, बिनधास्त तपासा," इंगवले म्हणाले. "रंग बघा की, कसलं झकास हाईत!"

"बघतो की," प्रभुलिंग म्हणाला.

त्यानं पडद्यावर बोट फिरवलं. फोन म्हणाला, "बटण." बोट सरकवलं. "बटण." आणखी खाली, "बटण." कुठलं कशाचं, पत्ता नाही. कुठंतरी बोट पडलं आणि गगनबावड्याची तीन तिकिटं निघाली.

"ह्याची तक्रार लिहून घ्या."

डिझायनर मोना ओशाळली. "सर, तक्रार ॲपमधूनच करावी लागते."

तक्रारीच्या पानावर अट होती: आपण यंत्र नाही हे सिद्ध करण्यासाठी बैलगाडीचे फोटो निवडा.

"मी यंत्र न्हाय हे माझ्या बायकूला विचारा की!" प्रभुलिंग वैतागला. तक्रार काही गेली नाही. अहवालात नोंद झाली: तपासणी पूर्ण, तक्रारी शून्य.

पंधरा दिवसांनी समारंभ झाला. प्रमाणपत्र इंगवल्यांना, शाल-नारळ प्रभुलिंगला. "दोन शब्द बोला, चांगलं," इंगवले कानात पुटपुटले.

येऊच नये असं प्रभुलिंगला सकाळपासून वाटत होतं. आता मात्र त्यानं फोन काढला, माइकला लावला आणि बोट फिरवलं. "बटण. बटण. प्रतिमा सत्तेचाळीस. बटण." लोक हसले, मग कान देऊन ऐकू लागले.

"मला एवढंच कळतं," तो म्हणाला. "आता तुम्ही सांगा, पन्हाळ्याची गाडी किती वाजता?"

"सर लई विनोदी हाईत!" म्हणत इंगवल्यांनी टाळ्या सुरू केल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात दोघांचा हसरा फोटो आला.

सोमवारी मोनाचा फोन आला. "सर, मालकांना विचारलेलं नाही. पण एका बटणाला नाव दिलंय. उघडून बघता?"

प्रभुलिंगनं बोट ठेवलं.

"परत जा," फोन म्हणाला.

तो खुर्ची ओढून बसला. "बाहेर पडायची सोय झाली की. आता आत शिरायचं बघू. वरनं दुसरं बटण कशाचं हाय, सांगा."