सन्मानाची रंगीत तालीम

खडूच्या खुणेवर येऊन ती थांबली आणि उजव्या पायाच्या बुटाने तिने गालिचा दोनदा खरवडला. मग मान वर करून समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे असं पाहिलं, जणू तिथून पंच आता लेग-स्टंप दाखवणार होते.

"बाई, गालिचा आहे तो," तालीम घेणारे अधिकारी म्हणाले. "खेळपट्टी नाही."

सभागृहात हशा पिकला. रांगेत तिच्या मागे उभे असलेले म्हातारे शिल्पकार तर हसता हसता काठीवर वाकले. तीही हसली, पण कानापर्यंत ओशाळली. पायाला कोणी काही सांगितलं नव्हतं. तो आपला आपणच हलला होता.

उद्या याच खुणेवर राष्ट्रप्रमुखांच्या हातून तिला देशाचा मोठा नागरी सन्मान मिळायचा होता. खेळातले दोन राष्ट्रीय पुरस्कार घरी होतेच. पहिला ऐन विशीतला, दुसरा विश्वचषक जिंकला त्या वर्षीचा. हा तिसरा मात्र खेळाडूंना बहुधा खेळणं सोडल्यावरच मिळे. तसं कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. पण अभिनंदनाला घरी आलेला जो तो "काय दिवस होते ते" असं म्हणून पेढ्यासारखं काहीतरी गोड मागून घेई आणि निघून जाई. सलामीला उतरली की दिवस दिवस खेळपट्टी सोडायची नाही, म्हणून संघात तिला चिवट म्हणत. वर्तमानपत्रांनीही तेच नाव उचललं होतं. चिवटला अजून एकतिसावं लागायचं होतं.

अधिकाऱ्यांनी पुन्हा समजावलं. चालत यायचं, थांबायचं, किंचित झुकायचं. पदक टोचत नाहीत, कोटाला डावीकडे आधीच लावलेल्या आकड्यात नुसतं अडकवतात. तेव्हा छाती पुढे हवी, खांदे पाडायचे नाहीत. संघाचा हा ब्लेझर बाळंतपणाआधीचा होता. छाती पुढे काढली की बटणं कुरकुरत.

शेवटच्या रांगेत सासूबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर सात महिन्यांचा गुंड्या. तो सध्या शांत होता, हेच नवल.

सगळं अडलं होतं ते त्याच्यापाशी. परदेश दौऱ्याआधीचं शिबिर सोमवारी सुरू होत होतं. येतेस की नाही, ते आज संध्याकाळपर्यंत कळव, असं प्रशिक्षक सरांनी सांगितलं होतं. शिबिरात तान्ह्या मुलांची सोय नव्हती. बाळंतपणानंतर पळून, घाम गाळून तिने अंग पुन्हा वळणावर आणलं होतं. पण गुंड्या आईशिवाय कोणाच्या हातचं दूध तोंडात घेत नव्हता. बाटली भिरकावून द्यायचा, वाटी-चमचा दिसला की ओठ मिटून घ्यायचा. एकदा नवऱ्याने तिचा टी-शर्ट अंगात चढवून पाहिला. गुंड्याने आधी वास घेतला, मग बापाच्या मिशांकडे बघून असा गळा काढला, की शेजारचे विचारायला आले. शेवटी काल रात्री जेवताना ती म्हणाली होती की सरांना नाही म्हणून कळवते. सासूबाई "तुझं तू बघ" एवढंच म्हणून ताटं उचलायला लागल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला असावा, असं तिला वाटलं होतं.

"आम्हाला असले सन्मान देतात ना," शिल्पकार मागून हळूच म्हणाले, "ते आता घरी बसा म्हणून. मी काही बसलो नाही. तुमचं काय?"

"बघू," ती म्हणाली.

तालीम लांबली. कोणाचं झुकणं जास्त होत होतं, कोणी वळताना चुकीच्या बाजूला जात होतं. गुंड्याची वेळ केव्हाच टळून गेली होती, तरी मागून हूं की चूं नाही. मधल्या वेळात तिची सुटका झाली तशी ती ब्लेझरची बटणं सोडतच शेवटच्या रांगेकडे निघाली. सासूबाई रुमालाने बाळाची हनुवटी घाईघाईने पुसत होत्या.

बाजूच्या खोलीत बसून तिने त्याला पदराखाली घ्यावं तसं सासूबाईंच्या शालीखाली घेतलं. त्याने एकदा तोंड लावलं, सोडलं आणि तिची बोटं ओढत बसला. पुन्हा घेतलं तर मान फिरवून हसला. त्याच्या गळ्याच्या घडीत पावडरीच्या दुधाचा वास होता.

"किती प्यायला?"

"थोडंसं," सासूबाई म्हणाल्या.

"आई."

"वाटीभर." त्यांनी रुमालाची घडी घातली, मोडली. "बरेच दिवस खटपट चालली होती माझी. तू आंघोळीला गेलीस की. रोज थुंकायचा लबाड. आज कसं कोण जाणे, गटागटा घेतलं."

"मग लपवलंत का?"

"आधी वाटलं, तुला कधी एकदा सांगते." सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. "मग तू तिकडून येताना दिसलीस, बटणं सोडत. म्हटलं, आजचा दिवस राहू दे."

तिने गुंड्याला त्यांच्या मांडीवर ठेवलं. तो लगेच आजीच्या चष्म्याला लोंबकळला. ती फोन घेऊन उठली.

प्रसाधनगृहात कोणी नव्हतं. दूध दाटून छाती ठणकत होती, शर्टावर दोन ओले डाग उमटले होते. बेसिनवर वाकून ती हाताने दूध काढू लागली आणि दुसऱ्या हाताने कठड्यावरच्या फोनवर सरांचा नंबर लावून स्पीकर सुरू केला.

"बोल गं चिवट," सर म्हणाले. "आधीच सांगतो, नाही म्हणालीस तरी मला राग नाही."

"सोमवारी किती वाजता, सर?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"सहाला मैदानावर. अगं, पण बाळाचं काय?"

"त्याचं पोट भरलंय," ती म्हणाली.

बाहेरून कोणीतरी दार वाजवलं. शेवटची फेरी सुरू होतेय, तुमच्यासाठी सगळे थांबलेत. आले, असं तिने सांगितलं. एका बाजूचं अजून व्हायचं होतं. पांढऱ्या बेसिनमधून दुधाचा ओघळ सावकाश खाली सरकत होता. तिने नळाकडे हात नेला आणि मागे घेतला.