डावीकडे बसलेली गाडी

त्या महिन्यात आमच्याकडे गाडीवरून भांडण झालं नाही असा दिवस उगवला नाही. बापूजी, म्हणजे आमचे हे, सकाळी चहाचा कप घेऊन अंगणात उभे राहायचे, गाडीकडे समोरून बघायचे आणि म्हणायचे, "विमल, पाह्य बरं. डाव्या अंगानं बसून राह्यली गाडी."

"मले तं सरळच दिसते."

"तुले कशी दिसन? डाव्या सीटवर तूच बसते नं. तुयाच वजनानं बसली."

"मंग मले टपावर बसवा," म्हणून मी घरात निघून जायचे. अर्ध्या कळंब गावाचे ब्लाऊज मी शिवते, साऱ्या बायकांच्या कमरा मोजते, पण माझ्या कमरेचं कोणी काढलेलं मला खपत नाही.

वरून चिडत असले तरी आतून माझा जीव उडालेला होता. आमच्या लेकीला, दिपालीला, आठवा लागला होता. पहिलं बाळंतपण, तेव्हा माहेरी आणायचं ठरलं होतं, आणि पांढरकवड्याच्या सासरहून तिला याच गाडीतून आणायचं होतं. बापूजींचा हट्टच होता, माझी लेक मीच आणीन. रस्त्यात स्प्रिंग तुटली तर? वळणावर गाडी कलंडली तर डाव्या सीटवर कोण असणार, माझी पोरगीच ना? मशीनवर बसले की हेच डोक्यात फिरायचं आणि शिवण वाकडी जायची.

शेवटी मीच मागे लागले तेव्हा बापूजींनी गाडी शामच्या गॅरेजवर नेली. मीही सोबत गेले. शामनं चाकाजवळ उकिडवं बसून बॅटरी मारून पाहिलं.

"जुनी गाडी हाय, बापूजी. स्प्रिंग थोडी थकली असन. रबर टाकून देतो, बोटभर उचलन."

त्यानं डावीकडच्या पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबराचे जाड तुकडे बसवले. बापूजी चक्कर मारून आले आणि तोंड पाडून खाली उतरले.

"तशीच हाय. उलट स्टेअरिंगही डावीकडं ओढून राह्यलं."

शामनं स्वतः चालवून पाहिली. "मले तं काही लागलं नाही, बापूजी," तो डोकं खाजवत म्हणाला.

मी शामवरच उखडले. "तुले समजत नसन तं नाही म्हन. पोटुशी पोरगी बसवाची हाय त्याच्यात!" बिचारा आपले पाने आवरायला लागला. मला वाटलं, दोष कुठेतरी खोलवर आहे, कोणाला दिसत नाही, आणि ऐन रस्त्यात तो दगा देणार. बापूजींना सगळे हसत होते, पण त्यांना गाडीतलं कळतं हे मला ठाऊक होतं. तेवीस वर्षं जीप चालवलेला माणूस उगाच कशाला बोलेल?

तिकडे माझं एक वेगळंच दुखणं सुरू झालं होतं. लेकीच्या सासरी घालून जायला मी बापूजींना नवा शर्ट शिवला. आकाशी, बारीक रेघांचा. घालून उभे राहिले तर खालची कड डावीकडे लोंबत होती. कापताना चुकलं असेल म्हणून उसवला, डावी बाजू कातरून पुन्हा दुमडली. दोन-चार दिवसांनी घालून पाहिला तर परत तेच. पुन्हा कातरला. माझ्या हातची कड कधी वाकडी होत नाही, गिऱ्हाइकं तेवढ्यासाठी तर येतात. आता माझे डोळे गेले की हात, या विचारानं मला रडू यायचं. बापूजींना सांगितलं तर ते म्हणाले, "तुये डोये अन् माये डोये, दोघायचेही चष्मे बदलाले झाले. मायं तं डोकंही दुखते आजकाल." आणि कपाळाला बाम चोळत बसले.

निघायचा दिवस आला. डब्यात तिळाच्या पोळ्या, दिपालीच्या सासूसाठी साडी, सगळं डिक्कीत ठेवलं. डिक्कीचं झाकण मी स्वतः धरून उभी राहिले, कारण त्याचा दांडा ढिला आहे. मागच्या महिन्यात बापूजी सरकीच्या ढेपीचं पोतं काढत होते तेव्हा झाकण धाडकन त्यांच्या डोक्यावर आदळलं होतं. मी हळद लावली होती आणि त्यांनी गाडीला मनसोक्त शिव्या दिल्या होत्या.

बापूजी गाडीकडे चालत आले. डाव्या पायातली चप्पल मागेच राहिली. त्यांना ते कळलंच नाही.

"अवो, चप्पल!"

"हाव, हाव," म्हणत त्यांनी ती पायात अडकवली आणि स्टेअरिंगवर बसले. मी फाटक उघडून उभी राहिले. गाडी निघाली आणि डावा आरसा फाटकाच्या खांबाला घासून कट्कन तुटला. या फाटकातून हा माणूस डोळे मिटून गाडी काढायचा.

"सांगून राह्यलो होतो नं!" ते खाली उतरून ओरडले. "डावीकडं झोक जाते हिचा!"

मी तुटलेला आरसा उचलला. या गाडीत मी लेकीला बसवणार नाही, एवढं मनाशी पक्कं झालं. पण आज याचा निकालच लावायचा म्हणून मी घरात गेले आणि माझी टेप घेऊन आले. जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत उजवीकडे मोजलं, मग डावीकडे. पुन्हा मोजलं. डावी बाजू खाली नव्हतीच. शामच्या रबरानं ती बोटभर वरच होती.

"चुकलं तुयं," बापूजी म्हणाले. "डोयानं दिसते नं मले."

मी वर बघितलं. ते समोर उभे होते, नवा शर्ट घालून, आणि शर्टाची कड डावीकडे लोंबत होती. दोनदा कातरलेली कड. माझी नजर कडेवरून खिशावर गेली, खिशावरून खांद्यावर. डावा खांदा उतरलेला होता. शर्ट वाकडा नव्हता, गाडीही वाकडी नव्हती.

मी टेप घेऊन उठले. मग जे रोज गिऱ्हाइकांना म्हणते तेच मी म्हणाले. "हात पसरा बरं. दोन्ही. माप घ्याचं हाय."

"आता? फाटकात?"

"पसरा म्हटलं नं!"

त्यांनी हात पसरले. उजवा तसाच राहिला. डावा हळूहळू खाली येत गेला, आणि बापूजी माझ्याकडे बघत होते, हात खाली येतोय याची त्यांना खबरच नव्हती.

मी गाडीची चावी काढून घेतली. ते चिडले, "काहून काढली चावी? पोरगी वाट पाहून राह्यली!" मी काही ऐकलं नाही. शामला फोन लावला. "शाम, असशीन तसा ये बाप्पा. यवतमाळले जावं लागते." रस्ताभर मी मागच्या सीटवर त्यांना धरून बसले होते. ते डावीकडे, माझ्या अंगावर, कलत होते आणि म्हणत होते, "पाह्य, आताही गाडी डावीकडंच जाते."

दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरबाईंनी विचारलं, "डोक्याला मार लागला होता का यांच्या?" मी नाही म्हणता म्हणता थांबले. डिक्की आठवली. बाईंनी फोटोवर बोट ठेवलं. उजवीकडे आत रक्त साचलं होतं, थेंबाथेंबानं, महिनाभर, आणि त्यानं मेंदू डावीकडे ढकलला होता, म्हणून डावं अंग लुळं पडत चाललं होतं. आजच छिद्र पाडून काढावं लागेल, म्हणाल्या.

ऑपरेशनच्या दाराबाहेर मी आमच्या कळंबच्या गणपतीला, चिंतामणीला, इतकं काही बोलले की देव असेल तर त्यालाही माझा राग आला असेल. महिनाभर माझ्या डोळ्यांसमोर वावरणारा माणूस, आणि मी गाडी बघत बसले! जावई पियुष दिपालीला घेऊन आला. ती पोटावर हात ठेवून माझ्याशेजारी बसली. मला एकच भीती होती, की हे उठले नाहीत तर ज्या नातवंडासाठी निघालो त्याला आजोबाच राहणार नाहीत.

ते उठले. पहिल्या दिवशी जीभ जड होती. मग डाव्या हातानं पाण्याचा गिलास धरला. मग दिपालीला धरून व्हरांड्यात चालले.

सुटी मिळाली त्या सकाळी पियुष गाडी आणायला गेला. घालायला दुसरं काही धड नव्हतं, तेव्हा मी तोच आकाशी शर्ट पिशवीतून काढला. बापूजींनी बटणं स्वतः लावली आणि खिडकीच्या काचेत बघितलं.

"विमल, काय शिवलं वो हे? डावीकडं तोकडा पडला नं."

मी बघितलं. खरंच, चांगला दोन बोटं तोकडा होता. दोन्ही खांदे एका रेषेत होते आणि कड डावीकडे वर चढली होती. मी खाटेवर बसले आणि तोंडाला पदर लावून रडायला लागले.

"अवो, रडते कायले?" ते घाबरून म्हणाले. "घरी जाऊन उसवून घेजो."

"नाही उसवत, जा," मी म्हणाले. "असाच घाला."