सुकाणूचा कौल

बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत गेला होता, खिडकीला शेजाऱ्यांची डोकी चिकटली होती आणि सगळ्यांचे डोळे टेबलावरच्या एका छोट्या विमानावर खिळले होते. दोन हात पसरले तर कवेत मावेल एवढं ते विमान हलक्या लाकडाचं होतं, पांढऱ्या पंखांचं. माझ्या धाकट्या दिरांनी ते सुट्टीच्या दिवशी बसून घरीच बनवलं होतं आणि मैदानात रिमोटवर उडवलं होतं. दीर आता नव्हते.

"आलात का?" संदेशबाबांनी विमानाला विचारलं.

शेपटीवरची उभी फळी, जिला सुकाणू म्हणतात, ती हळूच उजवीकडे वळली. उजवं म्हणजे होकार, डावं म्हणजे नकार, असं बाबांनी ठरवून दिलं होतं. खोलीभर शहारा उठला. कोणी हात जोडले, कोणी आपल्या मेलेल्या माणसाचा निरोप विचारायला पुढे सरकलं. माझी जाऊ जमिनीवर बसली होती, ओठ दाताखाली धरून. रडून रडून तिचा चेहरा पार सोलवटला होता.

हे सगळं सुरू झालं ते मैदानातच. विमान वर असताना भाऊजींचं हृदय थांबलं. ते पडले, हातातला रिमोट खडीवर आपटला आणि त्याचे सेल उडून बाहेर आले. विमान मात्र कोसळलं नाही. मोठमोठ्या घिरट्या घालत ते आपलं आपण उतरलं, थेट गवतावर. बघणारे म्हणाले, जाता जाता त्यांनीच उतरवलं. हे बोलणं गावभर झालं आणि गुळाला मुंगळा लागावा तसे संदेशबाबा दारात आले.

"आत्मा सूक्ष्म, सुकाणू हलकं," ते म्हणाले. "विमानवाल्याला विमानातूनच बोलू द्या." शुद्धीसाठी म्हणून त्यांनी विमान आपल्या मुक्कामी नेलं, परत आणलं आणि तेव्हापासून सुकाणू बोलू लागलं. अट एकच, बैठकीआधी बॅटरी पूर्ण भरलेली हवी. आत्म्याला बॅटरी कशाला लागते, असं मी एकदा विचारलं. बाबा गोड हसले. "बाई, तुम्ही दिव्यात तेल घालता ना? तसंच." माझा पहाटेचा दिवा, जप आणि खोटं न बोलण्याचा नेम सगळ्यांना ठाऊक आहे. वाद घालायचा नेम मी कधी केलेला नाही.

पण गप्प बसून चालणार नव्हतं. बापाचं दुखणं लेकीच्याही हृदयात निघालं होतं. माझी पुतणी जिना चढताना दोनदा शुद्ध हरपून पडली होती. शस्त्रक्रिया लांबवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जावेनं ते विमानाला विचारलं आणि सुकाणू डावीकडे वळलं. बस्स, विषय संपला. डॉक्टरांचे फोन वाजत राहिले आणि घरी बाबांची मंतरलेली राख चमच्यानं पोरीच्या तोंडात जाऊ लागली. मी समजावायला गेले, तर जाऊ म्हणाली, "ताई, माझ्याकडे त्यांचा एवढाच शब्द उरलाय. तो पण मोडू?" आमच्या घरचे म्हणाले, तिच्या दुःखाला हात लावू नकोस. पोरीचे ओठ निळसर दिसत होते. ते मात्र कोणाला दिसेनात.

एका दुपारी पुतणीनं मला भाऊजींच्या खोलीत बोलावलं. तिथे अजून डिंकाचा वास होता, अर्धवट घासलेला एक पंख शिकंज्यात तसाच अडकलेला. ती स्टुलावर बसली, दम घेतला आणि म्हणाली, "काकू, विमानातून बोलतात ते माझे बाबा नाहीत."

"कशावरून?"

"बाबा डावं-उजवं नेहमी विमानाचं सांगायचे, आपलं नाही. आत वैमानिक बसलाय असं समजायचं. मी चुकले की टपली मारायचे. हे लोक विमानाचं तोंड आपल्याकडे करून ठेवतात. मग आपलं डावं ते विमानाचं उजवं. बाबांच्या हिशेबानं त्या दिवशी उत्तर 'हो' होतं."

मला हसू आलं, पण एवढ्यावर तिची आई ऐकणार नव्हती. मग पोरीनं बैठकीतून आणून ठेवलेल्या विमानाच्या पोटातली आगपेटीएवढी डबी दाखवली. हिला रिसीव्हर म्हणतात. हिची एकदा ज्या रिमोटशी गाठ बांधावी त्याचंच ही ऐकते. पोरीनं विमानाची बॅटरी जोडली, कपाटातून भाऊजींचा रिमोट काढला, सेल घातले, दांडी हलवली. सुकाणू ढिम्म.

"बाबांचं विमान बाबांच्याच रिमोटला ओळखत नाही, काकू. कोणीतरी गाठ बदलली."

शुद्धी कसली झाली होती ते आत्ता कळलं. तिचं हे आईला दाखवून झालं होतं. आईचं उत्तर होतं, तुझ्या बाबांना आता रिमोट लागत नाही.

पोरीनं डबीवरचं बारीक बटण दाबून धरलं, रिमोट चालू केला. शेपूट टकटक हलली. तुटलेली गाठ पुन्हा बांधली गेली.

डॉक्टरांनी राखून ठेवलेली शस्त्रक्रियेची वेळ दुसऱ्या दिवशीची होती. ती चुकली तर पुढची कधी मिळेल, डॉक्टरही सांगू शकत नव्हते. त्या संध्याकाळी बैठक भरली. मी नेहमीच्या कोपऱ्यात बसले, शालीखाली हात घेऊन. लोकांना वाटलं, जप चालू आहे. पोर माझ्या शेजारी, भिंतीला टेकून.

"शेवटचं विचारते," जाऊ विमानापुढे वाकली. "तिला उद्या घेऊन जाऊ का?"

सुकाणू हललं नाही. बाबांनी घसा खाकरला. खिडकीजवळ बसलेल्या त्यांच्या शिष्याचा हात मांडीवरच्या पिशवीत होता, त्याचं कोपर खरूज झाल्यासारखं हलत होतं. सुकाणू तसंच. "आज हवा जड आहे," बाबा म्हणाले.

मी दांडी सरकवली. सुकाणू लोकांच्या उजवीकडे वळलं.

जावेच्या तोंडातून हुंदका फुटला. "हो म्हणाले." कित्येक दिवसांत तिचा चेहरा पहिल्यांदा उघडला. बाबा क्षणभर शिष्याकडे बघत राहिले, पण पट्टीचा माणूस. लगेच म्हणाले, "मीच रात्रभर विनवलं त्यांना. आता शस्त्रक्रियेनंतर रोज बैठक लागेल."

काम झालं होतं. हात शालीतच ठेवला असता तर पोर उद्या इस्पितळात गेली असती. पण परवा जाऊ विमानाला काय विचारणार? गोळी द्यायची की नाही? टाके काढायचे की नाही? संदेशबाबा पुन्हा गाठ बदलून दांडी धरून बसलेलेच असते.

तेवढ्यात जाऊ माझ्याकडे वळली. "ताई, तुम्ही खोटं बोलत नाही. तेच होते ना?"

"नाही गं. मी होते." आणि मी शाल बाजूला केली.

पोरीनं रिमोट माझ्या हातातून घेतला, म्हणाल त्या बाजूला सुकाणू वळवून दाखवलं. बैठकीला आलेल्या वाण्यानं शिष्याची पिशवी उलटी केली, तर तसाच दुसरा रिमोट बाहेर पडला. शिष्य खोडकर आहे, असं बाबा सांगू लागले. तोवर कोणीतरी त्यांच्या चपला त्यांच्यापुढे आणून ठेवल्या होत्या.

"दिव्यात तेल मी घालते," मी त्यांना एवढंच म्हटलं, "आणि मीच घातलं असं सांगतेही."

लोक गेले. जाऊ हलली नाही. "त्यांना 'हो'च म्हणू द्यायचं होतंत," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही त्यांना दुसऱ्यांदा मारलंत."

मी तिच्याजवळ बसून राहिले.

शेवटी तिनं विचारलं, "मग त्या दिवशी ते आपोआप कसं उतरलं?"

"बाबांनीच तसं बसवलं होतं," पोर म्हणाली. "रिमोट बंद पडला की मोटर आपोआप थांबते, सुकाणू जरासं वळून राहतं. मग विमान घिरट्या घालत उतरतं. बाबा म्हणायचे, आपला हात नसला तरी ते नीट खाली आलं पाहिजे."

जावेनं पंखावर हात ठेवला. खूप रडली. मग स्वतःच विमानाचं पोट उघडलं, बॅटरीची वायर ओढून काढली आणि इस्पितळाची पिशवी भरायला उठली.

सकाळी शस्त्रक्रियेच्या खोलीचं दार मिटलं. बाहेर बाकावर ती माझा हात इतका घट्ट धरून होती की बोटं बधिर झाली. पोर वाचेल की नाही, ते मला ठाऊक नव्हतं. कोणालाच नव्हतं. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते, आत डॉक्टर त्यांचं काम करत होते.

माझ्यासारख्या श्रद्धावान बायकांना हात जोडून सांगते. नेम करा, दिवा लावा. पण कोणी मेलेल्या माणसाला बोलतं करून दाखवलं, तर आधी बघा, पिशवीत कोणाचा हात आहे. आपली माणसं गेल्यावर बोलत नाहीत. बोलायचं ते त्यांनी जिवंतपणीच, आपल्या हातांनी करून ठेवलेलं असतं.