खलबत्त्यावरचं नाव

मी एक जुना पितळी खलबत्ता आहे, मित्रांनो, आणि जुना म्हटल्याचा मला राग येत नाही. तुमच्या घरातला मिक्सर पाच वर्षांत घशातून खरखर काढू लागतो. मी साठीला टेकलो आहे, पण माझ्या तळाला अजून चीर गेलेली नाही. एवढा मोठेपणा मी मिरवला, तर तुम्ही तो पोटात घालाल.

तापलेलं पितळ ओल्या वाळूत ओतून मला घडवलं. तांबाकाट्याच्या बाजारात मी इतर भांड्यांच्या रांगेत उभा होतो, तेव्हा करी रोडच्या चाळीत राहणाऱ्या शिवा परबने मला उचललं. तो गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करायचा. नुकतंच लग्न झालं होतं. भांड्यावर नाव घालायची रीत होती, म्हणून दुकानातल्या माणसाने छिन्नीने टिंबं टिंबं ठोकून माझ्या अंगावर लिहिलं, 'सौ. लक्ष्मी', आणि वळसा घालून मागच्या बाजूला, 'शिवा परब'.

लक्ष्मीचा हात मला लगेच समजला. ती माझ्यात सुंठ कुटायची, मिरी कुटायची, आणि बांगड्याचं तिखलं, म्हणजे माशाचं तिखट कालवण, असलं की तिरफळं ठेचायची. तिरफळ हे आमच्या कोकणातलं वाळकं फळ. त्यातली काळी बी टाकायची आणि टरफल तेवढं घ्यायचं. ते ठेचायचं असतं, वाटायचं नसतं. पीठ केलंत तर जीभ बधिर होऊन बसते. चाळीतल्या नव्या सुना हे शिकायला तिच्याकडे यायच्या.

पण मित्रांनो, एक गोष्ट माझ्या तेव्हाच लक्षात आली होती. त्या चाळीत लक्ष्मीला लक्ष्मी म्हणणारं कुणीच नव्हतं. नवरा 'अगो' म्हणायचा. शेजारी 'परबीण' म्हणायचे. मुलगा झाल्यावर ती 'प्रफुल्लची आई' झाली. तिचं नाव काय ते आम्हा भांड्यांनाच ठाऊक होतं.

मग गिरणी बंद पडली. शिवाचे हात रिकामे झाले आणि रिकाम्या हातात बाटली आली. त्याला वाईट माणूस मी म्हणणार नाही, कारण मला हौसेने घरी आणणारा तोच होता. पण दारूने त्याला आतून पोखरलं आणि चार वर्षांत तो गेला. तेराव्यानंतर लक्ष्मी मला घासायला बसली. तिचा अंगठा त्या 'सौ.'वर आला आणि तिथेच थांबला. नवरा गेलेल्या बाईच्या नावामागे ती अक्षरं लावत नाहीत, हे तुम्हाला माहीत असेल. माणसांनी तिला त्या दिवसापासून 'श्रीमती' लिहिलं. माझ्यावरचं मात्र कुणी बदललं नाही. ती पाठ फिरवून रडली आणि मला धुऊन पालथं घातलं.

पुढे प्रफुल्लचं लग्न झालं आणि वैशाली घरात आली. जुन्या वळणाची मुलगी, सासूचं नाव तोंडाने घ्यायचं नाही हे ती कटाक्षाने पाळायची. रेशनच्या कचेरीत साहेबाने विचारलं, तरी ती बोलायची नाही, कागद पुढे करायची. सासू गेल्यावरही तिने हा नेम मोडला नाही. मी तिच्या हाताखाली बरीच वर्षं काढली. नंतर घरात मिक्सर आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे एका फुटक्या कुकरच्या शेजारी मी कितीतरी वर्षं पडून होतो. कुकर अखंड स्वतःच्या शिट्ट्यांचं कौतुक सांगायचा. मी ऐकून घ्यायचो, दुसरं करणार काय?

मला खाली काढलं ते मेघनाने, वैशाली आणि प्रफुल्लच्या मुलीने. हॉटेलचा कोर्स केलेली, हुशार, पण घाबरट. "आई, आमच्या हॉटेलच्या किचनला हवाय. नेऊ?" तिने विचारलं.

"ने गो बाय," वैशाली म्हणाली. "पडून पडून काळो झालोहा. पण सांभाळून वापर."

ते किचन नव्हतं, मित्रांनो. ती दारूची जागा होती. करी रोडच्या पुलाच्या पलीकडे, जुन्या गिरणीच्या आवारात, आता काचेच्या इमारती आणि मोठमोठी हॉटेलं आहेत. उंची कपड्यांतली माणसं तिथे संध्याकाळी येतात आणि तऱ्हेतऱ्हेची पेयं पितात. त्यांना कॉकटेल म्हणतात. मेघना काउंटरच्या मागे उभी राहून ती बनवायची. हा विषय तुमच्या वयाचा नाही हे मला कळतं, पण पुढचं सांगायचं तर एवढं सांगणं भाग आहे.

काम ती मन लावून करायची, हे कबूल करायला हवं. तिरफळाची तीन टरफलं माझ्यात टाकायची, बत्त्याचे दोनच ठोके द्यायचे. मग काचेच्या पेल्यात कोकमाचं आगळ, नारळपाणी, बर्फ, जिन आणि वरून ते ठेचलेलं तिरफळ. आगळ तिने माझ्यात कधी ओतलं नाही. पितळेत आंबट कळकतं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. लोकांना ते पेय फार आवडलं. किती वर्षांनी माझा टणटण आवाज ऐकून माणसं माना वळवून बघू लागली. खोटं कशाला बोलू, मी सुखावलो.

त्या जागेचे मालक होते धनेशसाहेब. माणूस दिलदार, पण मराठीशी गाठ कमी. एक दिवस त्यांनी मला फिरवून बघितलं. माझी पुढची बाजू त्यांच्याकडे होती.

"सौ लक्ष्मी!" ते मोठ्याने वाचून हसले. "हंड्रेड लक्ष्मी! अरे, क्या नाम है! मेघना, इस ड्रिंक का नाम यही रखते हैं."

हिंदीत सौ म्हणजे शंभर. शंभरपट लक्ष्मी घरात येणार, असा त्यांनी अर्थ लावला. मेघनाने तोंड उघडलं. नोकरीला तिला तेव्हा दुसराच आठवडा चालू होता. तिने तोंड मिटलं आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशी ते नाव कार्डावर छापून आलं. मग रोज कानावर पडू लागलं, "दोन सौ लक्ष्मी, टेबल पाच!" "एक लक्ष्मी, बर्फ कम!" हयातीत जिला नावाने कुणी हाक मारली नाही, तिचं नाव आता असं पुकारलं जात होतं. मेघना प्रत्येक वेळी खाली बघायची. आज सांगेन, उद्या सांगेन, असं तिचं चालू होतं. पण आजचं उद्यावर ढकललं की ते परवावर जातं, तसंच झालं.

एकदा एक बाई आली, पेय चाखलं, माझे फोटो काढले. पंधरा दिवसांनी फोनवर वाचायच्या एका मासिकात यादी आली, 'परळ भागात उत्तम कॉकटेल कुठे मिळतील'. दहा जागांत आमची तिसरी. फोटोत पेला लहान होता आणि मी मोठा. माझ्यावरची अक्षरं स्वच्छ वाचता येत होती. धनेशसाहेबांनी सगळ्यांना पेढे वाटले.

ती यादी चाळीतही पोचली. शेजारच्या अक्षदाने ती फोनवर वैशालीला दाखवली. "वैनी, ह्या बघा. मेघनाचं नाव आलंय. आणि ह्या तुमचंच भांडं ना?" अक्षदाच्या मनात काही वाईट नव्हतं. मी तिथे नव्हतो, पण मेघनाने हे सगळं नंतर रडत सांगितलं, ते मी ऐकलं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता वैशाली आमच्या जागेत आली. दारं नुकतीच उघडली होती, गिऱ्हाईक कुणी नव्हतं. साधी साडी, हातात पिशवी. मेघनाच्या हातातलं लिंबू खाली पडलं. वैशाली येऊन उंच स्टुलावर कशीबशी बसली आणि मला तिने जवळ ओढलं.

"आई, घरी बोलूया ना..."

"नाय. माका हयच बोलूचा हा. हय मागतत कसा? नावान मागतत ना? मग माका शिकव. सासूबाईंचा नाव मी जन्मात कधी तोंडान घेतलंय नाय. आता दारू मागूक घ्यायचा असला तर कसा घेऊ, सांग."

मेघना वाकून पडलेलं लिंबू उचलू लागली.

"सासूबाईंच्या नावामागचा 'सौ.' कोणी पुसल्यान, ठावक हा तुका?" वैशालीने माझ्यावरच्या त्या अक्षरांवर बोट ठेवलं. "दारूनच पुसल्यान. आणि तू ता परत लावलंस, ता पण दारूक?"

धनेशसाहेब आवाज ऐकून बाहेर आले. मेघनाने डोळे पुसले आणि आईच्या समोरच त्यांना सगळं सांगितलं. "सौ म्हणजे शंभर नव्हे, सौभाग्यवती. लक्ष्मी माझी आजी. आजोबा ह्याच गिरणीत होते आणि दारूने गेले. घरी मी खोटं सांगितलं, तुम्हाला खरं सांगितलं नाही."

"तो पहले क्यों नहीं बोली?" धनेशसाहेब खरोखर ओशाळले होते.

"नोकरी जाईल म्हणून, सर. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं."

त्यांनी वैशालीला हात जोडले. "माफ करा, ताई. आजच नाव काढतो. आणि हे भांडं उद्या तुमच्या घरी येईल, एकदम नवीन करून." वैशाली उठली. मुलीकडे न बघता ती बाहेर पडली. मेघना दारापर्यंत तिच्यामागे गेली, पण वैशाली थांबली नाही.

आता जे झालं ते सांगताना मला आजही जड जातं. चूक कुणाच्या वाईटपणातून झाली असती, तर निदान रागावता तरी आलं असतं. धनेशसाहेबांनी मला पॉलिशवाल्याकडे पाठवलं. फिरत्या चाकावर धरून त्याने मला घासायला घेतलं. काजळी गेली, डाग गेले, आणि मग ती टिंबं जाऊ लागली. आधी 'शिवा परब' गेलं. मग 'सौ.' गेलं. 'लक्ष्मी'मधली वेलांटी सर्वांत शेवटी गेली. मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

"देखो मेघना, अब कोई प्रॉब्लेम ही नहीं," धनेशसाहेब समाधानाने म्हणाले. "नाम ही नहीं रहा." त्यांना वाटलं होतं, त्यांनी आपली चूक धुऊन काढली. मेघनाने मला दोन्ही हातांत घेतलं आणि ती काउंटरच्या मागे खाली बसली.

संध्याकाळच्या कामाला सुट्टी मागून ती मला घरी घेऊन गेली. वैशाली दिवाबत्ती करत होती. तिने मला घेतलं, उजेडाकडे धरलं, आणि अंगठ्याने चाचपलं. पुढून, मागून, पुन्हा पुढून. अंगठ्याला काहीच लागलं नाही.

"आई, मी सांगितलं नव्हतं गं असं करायला. मला माहीतसुद्धा नव्हतं."

"तुझ्या गप रवण्यान झाला ह्या," वैशाली म्हणाली. तिने मला खाली ठेवलं. मग हळू म्हणाली, "माझ्या पण."

 दुसऱ्या दिवशी सकाळी वैशालीने मला पिशवीत घातलं आणि मेघनाला म्हटलं, "चल." आम्ही लालबागला भांड्यांच्या दुकानात गेलो. तिथे एक म्हातारा माणूस छोट्या विजेच्या मशीनने भांड्यांवर नावं घालतो. एका लग्नाच्या ताटांचा ढीग त्याच्यापुढे होता.

"बोला बाई, काय घालायचं?"

वैशालीने सवयीने मेघनाकडे बघितलं. तिच्याकडून वदवून घेणार होती. मेघना बोलणार, तेवढ्यात वैशालीने तिचा हात दाबला. "रव. मी सांगतंय." तिने पदर नीट केला आणि पुटपुटल्यासारखं काहीतरी म्हटलं.

"काय? मोठ्याने बोला, मशीन चालू आहे."

"लक्ष्मी!" वैशाली म्हणाली. रस्त्यावरची दोन माणसं वळून बघू लागली, इतक्या मोठ्याने म्हणाली. बोलून झाल्यावर तिने स्वतःच तोंडावर हात ठेवला. मेघना रडत होती, आणि खरं सांगतो, त्या म्हाताऱ्याची बोटंही क्षणभर थांबली.

"आधी सौ. घालू की कैलासवासी?"

"काय नको."

"मागे नवऱ्याचं नाव? आडनाव?"

"ता पण नको," वैशाली म्हणाली. "नुसता लक्ष्मी. तेवढाच तिचा होता."

मशीनची सुई टोचते, पण मी हूं की चूं केलं नाही. घरी आल्यावर वैशालीने मुलीला जेवायला वाढलं. "कामाक जाशील तर सांगान जा," एवढंच ती म्हणाली. त्या कामाचं कौतुक तिने केलं नाही, आजही करत नाही. मेघना अजून तिथेच आहे. तिच्या पेयाचं कार्डावरचं नाव आता नुसतं 'तिरफळ' आहे. पण ती यादी काही पुसली गेली नाही. ती वाचून कुणी 'सौ लक्ष्मी' मागितली, की मेघना हातातलं काम ठेवते आणि ती माझी आजी होती, असं सांगते. कुणी ऐकून घेतं, कुणी फोनमध्ये बघत राहतं.

मित्रांनो, मला चिंचेने घासा, लिंबाने चमकवा, अशी विनवणी मी करणार नाही. माझं आयुष्य दणकट आहे. पण तुमच्या घरातही अशी कुणी असेल, जिला सगळे अमक्याची आई, तमक्याची काकू एवढंच म्हणतात. तिला तिचं नाव विचारा, आणि एकदा त्या नावाने हाक मारा. वैशालीने हाक मारली तेव्हा लक्ष्मीला जाऊन अठरा वर्षं झाली होती. ओ द्यायला फक्त मी होतो, आणि मला तोंड नाही.