जास्तीचा काना

नेसरीच्या जत्रेत माझ्या अब्बांशिवाय कुणाचं बोकड कापलं जात नसे. आम्ही मुलाणी. घर हिंदूचं असो की मुसलमानाचं, सुरी फिरवताना अल्लाचं नाव घ्यायचा मान चार पिढ्या आमच्याकडं. अब्बा, म्हणजे बाबालाल मुलाणी, ते नाव असं लांबवून घ्यायचे की बायका पोरांना गप्प करायच्या.

अठ्ठ्याण्णव साली मी नववीत होते आणि तोंडानं फटकळ होते. अजूनही आहे. दर रविवारी एसटीनं गडहिंग्लजला जाऊन हाजराआपांकडं अरबी वाचायला शिकत होते. एकदा 'अल्लाहु अकबर' वाचून घेताना आपांनी दटावलं, "तसलीम, 'ब'ला काना देऊ नकोस. अकबर म्हणजे सर्वांत मोठा. अकबार म्हणजे ढोल."

त्याच आठवड्यात जत्रा आली. पिराजीआण्णांच्या दारात बोकड उभं, मांडवात पैपाहुणे. सुरी हातात घेऊन अब्बांनी नेहमीसारखा सूर लावला, "अल्लाहु अकबाऽऽर..."

मला हसूच फुटलं. "अब्बा, तुम्ही ढोल म्हणताय!"

अब्बांचा हात थांबला. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, मी अर्थ सांगितला. त्यांचा चेहरा पार उतरला. सुरी फडक्यात गुंडाळून ते म्हणाले, "आण्णा, माझ्यानं व्हायचं न्हाई."

"आरं, खुळा का काय तू? पावणं येऊन बसल्यात! नाव तर घेतलंस की!"

"त्येच चुकतंय न्हवं."

आण्णांनी शेजारच्या गावचा मुलाणी आणला. गावभर चर्चा झाली. मला घरी येऊन हळूच सांगता आलं असतं, पण मला शहाणपणा मिरवायचा होता. त्या दिवसाची लाज अजून गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी अब्बा मला घेऊन गडहिंग्लजच्या मौलानांकडं गेले. "तीस वर्सं गावाला मी काय खाऊ घातलं?" एवढंच त्यांनी विचारलं.

मौलाना म्हणाले, "तुमची नियत साफ होती. न कळता झालं ते अल्ला माफ करतो. पण आता कळलंय, तर शिकणं फर्ज आहे."

"ह्या वयात मला कोण शिकवणार?"

मौलानांनी माझ्याकडं बोट केलं.

मग रोज शाळेतून आले की अब्बा टोपी घालून माझ्यापुढं मांडी घालून बसायचे. पन्नाशीची जीभ, वळता वळेना.

"काना काढा, अब्बा."

"काढतोय की! मेला निघंनाच!"

महिनाभरानं एका शुक्रवारी एकदम स्वच्छ आलं, "अल्लाहु अकबर." मी टाळ्या पिटल्या. अब्बा मात्र रडायला लागले.

"आता का रडताय? आलं की!"

"माझा बाप मरंपतोर चुकीचंच म्हणत गेला गं. त्येला सांगाय घरात शिकल्याली लेक न्हवती." त्यांनी टोपीनंच डोळे पुसले. "त्येच्यासाठी माफी मागायची दुवा आसंल की. ती शिकीव मला."

मला ती येत नव्हती. या वेळी शहाणपणा न करता मी तसं सांगून टाकलं.

रविवारी एसटीत ओळखीच्या कंडक्टरनं विचारलं, "काय मुलाणी, लेकीला सोडाय चाललाय व्हय?"

"न्हाई," अब्बा सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "मीबी शिकाय चाललोय."