गहुल्यांचा फोल्डर

विरल, आमचा मुलगा, नवा लॅपटॉप घेऊन अहमदाबादहून आला तो रविवार होता. जुना न्यायला दुपारी लॅपटॉपच्या दुकानाचा माणूस येणार होता, म्हणून गांठियांच्या बशा हातात घेऊनच बापलेक झोपाळ्यावर बसले. समोरच्या टीपॉयवर दोन्ही लॅपटॉप, मध्ये केबल.

सामायिकाला, म्हणजे माझ्या रोजच्या जपाला, बसण्याआधी मी विरलला म्हटलं, "सगळं ने. निवडत बसू नकोस. माझ्या गहुल्या आहेत त्यात."

"हो गं मम्मी."

"विसरशील."

"हो म्हटलं ना."

आम्हा जैनांच्या उपाश्रयात महाराज साहेब, म्हणजे साध्वीजी, व्याख्यानाला बसल्या, की त्यांच्यापुढे तांदळाचं स्वस्तिक काढून बायका जे म्हणतात ती गहुली. आमच्या वढवाणच्या म्हाताऱ्यांना शेकड्यांनी यायच्या. आईकडून आलेल्या, सासूकडून आलेल्या, काही स्वतः रचलेल्या. मी त्यांच्या घरी जाऊन, आमच्या घरी बोलावून, मोबाइलवर त्या त्यांच्याच आवाजात उतरवल्या, लॅपटॉपवर घेतल्या आणि एका बोटाने टाइप केल्या. त्यातल्या जशीबा, कंचनमासी, मोंघीबा आता नाहीत. चातुर्मास संपून पायी पुढच्या गावी विहार करण्याआधी साध्वीजींना या गहुल्यांची प्रत हवी होती.

फोल्डर केला तेव्हा विरलला फोनवर विचारलं होतं, नाव कसं द्यायचं. तो म्हणाला होता, "असू दे, आलो की देऊ." किती दिवाळ्या आला आणि गेला. फोल्डरचं नाव 'न्यू फोल्डर'च राहिलं.

माझं आसन झोपाळ्यासमोरच्या भिंतीशी असतं. तोंडापुढे धरायची मुहपत्ती हातात घेतली, सूत्रं म्हटली, वाळूचं घड्याळ उलटं केलं. वाळू संपेपर्यंत संसाराचं बोलायचं नाही, विजेच्या वस्तूला शिवायचं नाही, मन समतेत ठेवायचं. लग्न होऊन आले तेव्हापासून माझं हे रोजचं व्रत आहे.

"नव्यात जागा कमी आहे पप्पा, काय काय ठेवायचं ते सांगा," विरल म्हणाला.

मी जपाचे मणी ओढत होते. डोळे मिटले तरी कान मिटत नाहीत.

आमच्या दुकानाच्या दिवाळी पूजनाचे फोटो घेतले. दरवर्षीचे. तीच गादी, तेच कुंकू, तेच चार जण. किरीटभाईंच्या, म्हणजे यांच्या, चुलतभावाच्या मुलाचं लग्न घेतलं. त्या लग्नातली मुलगी वर्षाच्या आत माहेरी निघून गेली, पण त्याचे तिन्ही व्हिडिओ नव्यात गेले. सकाळी सकाळी लोक पाठवतात ती गुलाबाची चित्रंसुद्धा गेली, कारण यांना ती आवडतात.

"गहुली नावाचं काही दिसत नाही," विरल म्हणाला.

"मोबाइलमध्ये असेल तिच्या."

"आणि हा न्यू फोल्डर? बराच मोठा आहे."

"लोणच्याबिणच्याचं असेल तुझ्या आईचं. राहू दे. आता करतंय कोण लोणची."

मी घसा खाकरला.

"मम्मीला पाणी देऊ?"

"सामायिकात पाणी पिते का कधी? तूपण ना." हे हसले. "आणि काही सांगायचं असेल तर आत्ताच सांगून घे. आत्ता ती रागवत नाही."

बापलेक दोघेही हसले. मी मणी ओढला. पुढचा ओढला. कोणत्या मंत्रावर होते ते मला आठवेना.

विरलने केबल काढली. "चला, आता जुना साफ." मग पडद्यावरचं वाचून दाखवलं, "सगळं पुसलं जाईल, परत मिळणार नाही. मान्य आहे?" आणि बोट पुढे नेलं.

मी घड्याळाकडे पाहिलं. निम्मी वाळू वरच होती.

"हात काढ," मी म्हणाले.

आवाज मोठा नव्हता. माझा होतच नाही. पण विस्तवाला लागल्यासारखं विरलने बोट मागे घेतलं.

"सामायिकात बोललीस?" हे झोपाळा थांबवून म्हणाले. लॅपटॉपचं त्यांना काहीच नव्हतं. "भूकंपात आख्खी गल्ली रस्त्यावर आली, तू आसनावरून हलली नव्हतीस. आणि या डब्यासाठी?"

"भूकंप माझ्यासमोर बसून, काय ठेवायचं नि काय टाकायचं, ते ठरवत नव्हता."

"अगं, बायकांची गाणीच ना शेवटी? पुस्तकात ढिगाने मिळतात."

"पुस्तकातली साधुमहाराजांनी रचलेली. आमची कुणी छापली नाहीत. गुलाबाची चित्रं मात्र तुम्हाला कुठेही मिळतील."

विरल खाली बघत म्हणाला, "मम्मी, तू नाव तरी द्यायचंस."

"कोण देणार होतं नाव?"

त्याने केबल पुन्हा लावली.

तेवढ्यात दुकानाचा माणूस आला. त्याला मी पंख्याखाली बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, की भाई, तुम्हाला थांबावं लागेल. हे काही बोलायला गेले, मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. लग्नाचे व्हिडिओ काढून जागा केली. एकेक गहुली पलीकडे गेली.

"आलं सगळं," विरल म्हणाला.

"वाजवून दाखव."

त्याने एक लावली. जशीबांचा चिरका आवाज, मागून कंचनमासी. दुसरं कडवं संपतंय तोच रेकॉर्डिंगमध्ये यांचा आवाज आला, "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?" गाणं थांबलं. माझी पावलं, कपाटाचं दार. मग जशीबा म्हणाल्या, "पहिल्यापासून घेऊ या बाई."

विरलने दुसरी लावली. तीत चहा मागितला होता. तिसरीत शेजारचे जयंतीभाई दारातून बायकोला हाका मारत होते. विरलला हसू आवरेना. हे मात्र गांठियाची रिकामी बशी घेऊन स्वयंपाकघरात गेले. ती स्वतः उचलून नेण्याची त्यांची ही पहिलीच वेळ असावी.

"तेवढं कापून टाकू का मम्मी? पप्पांचा आवाज? एका मिनिटाचं काम आहे."

"नको. राहू दे. गहुल्या कशा म्हटल्या गेल्या, तेही कळू दे लोकांना."

मग त्याच्याकडून फोल्डरला नाव लिहून घेतलं: वढवाणच्या बायकांच्या गहुल्या. नंतर आसनावर बसून सामायिक पहिल्यापासून केलं.

दुसऱ्या दिवशी प्रत घेऊन साध्वीजींकडे गेले. सामायिक मोडल्याचं सांगितलं. त्यांनी प्रायश्चित्त म्हणून आयंबिल दिलं. बिनतेलाचं, बिनमिठाचं एकवेळचं जेवण, ते मी आनंदाने घेतलं.

"आणि राग आला, त्याचं?" त्यांनी विचारलं.

"महाराज साहेब, तो अजून गेलेला नाही," मी म्हणाले. "गेला की त्याचं प्रायश्चित्त घ्यायला येईन."